गिताबाईंनी वीणा चालवून घेतली

तुमच्या गावच्या सप्ताहात गळ्यात वीणा घालून उभी असलेली बाई तुम्ही शेवटची कधी बघितली? आठवा, घाई नाही. भाकरी थापणाऱ्या बघितल्या असतील, पंगतीला वाढणाऱ्या बघितल्या असतील, कीर्तनात पार मागं बसून मांडीवर पोर झोपवणाऱ्याही बघितल्या असतील. वीणा घेतलेली? नाही ना. मग हे वाचा.

सप्ताह काय असतो ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण ज्यांचं गाव सुटलंय त्यांच्यासाठी सांगते. सात दिवस देवळात भजन-कीर्तन चालतं आणि ते सातही दिवस एक वीणा सतत वाजत राहते. एकजण ती गळ्यात अडकवून देवापुढं उभा राहतो, तारा छेडत नाव घेतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो आणि वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ती थांबायची नाही आणि भुईला टेकायची नाही. नियम एवढाच. त्यात बाई नको असं कुठं आहे, हे मी भल्याभल्यांना विचारलं. कुणी दाखवलं नाही, विषय मात्र सगळ्यांनी बदलला.

खुटबावच्या पुढं, राहूकडं जाणाऱ्या अंगाला धनगरांची एक वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथं अजून जेवायला जायचंय. गिताबाई तिथल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटक, आवाजानं भारदस्त. लहानपण सगळं मेंढरांमागं गेलं. त्यांचे आप्पा, म्हणजे वडील, दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि उन्हाळा सरताना परत चढायचे. गिताबाई चालायला शिकल्या त्याच कळपामागं. शाळेचा दरवाजा त्यांनी बाहेरून बघितला. लग्न होऊन वस्तीवर आल्या तोवर सासरच्यांनी मेंढरं विकून कांदा आणि ऊस धरला होता. नवरा हनुमंत शेती बघतो, मुलगा पप्पू भांडगावजवळच्या कंपनीत शिफ्टला जातो, सून हर्षदा शिलाई करते.

माझी, म्हणजे ह्या मायाची, आणि त्यांची ओळख रेशनकार्डांच्या मोर्चात झाली. मोर्चा निघाला तेव्हा त्या सगळ्यात मागं होत्या. साहेब बाहेर आले तेव्हा सगळ्यात पुढं. अशी बाई मी विसरत नाही.

वस्तीवरच्या बायकांचं भजनी मंडळ गिताबाईंनीच उभं केलं. टाळ आले, एक ढोलकी आली, गळे होतेच. ह्या वर्षी त्यांनी ठरवलं की सप्ताहात बायकांनीही वीणेचे पहारे घ्यायचे. सप्ताहाचा कारभार भिमा आबांकडं. नात्यानं गिताबाईंचे चुलतसासरे, वस्तीवर त्यांचा शब्द चालतो. माणूस वाईट नाही, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय. मी आणि गिताबाई त्यांच्या ओट्यावर गेलो, तेव्हा त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "देवळातली वीणा जुन्या ल्वाकांची हाय, ती द्यायचा मला अधिकार न्हाई. तुमची तुम्ही आणा आन् दिवसाचं पहारं घ्या, रातचं आमची वाजंल. पर टेकली न्हाई पायजे आन् थांबली न्हाई पायजे. एकदा जरी झालं, तर पुन्यांदा इचारायचं न्हाई, गिता."

बायकांना वीणा कुठं मिळतेय, हा त्यातला हिशोब मला कळला. मी तोंड उघडणार तेवढ्यात गिताबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "चालंल, आबा."

आता आणायची कुठून? नवी मिरजेच्या कारागिरांना सांगावी लागते आणि ती हातात येईपर्यंत सप्ताह कधीच उरकला असता. म्हणजे जुनी घ्यायची. वापरलेली वस्तू कशी बघून घ्यावी हे मला गाड्यांचं कळतं, मिक्सरचं कळतं. वीणेचं आम्हा दोघींनाही काही कळत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही दौंडला गनीभाईंकडं गेलो. स्टेशनाकडच्या एका बोळात त्यांचं पेटी, तबले दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचे वडीलही हेच करायचे. गनीभाईंना वाटतं की अख्ख्या तालुक्यात सूर त्यांच्यामुळं टिकून आहे, आणि हे ते गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच सांगतात. त्यांच्याकडं भिंतीला एक वीणा होती. काळपट पडलेली, दांडीवरचा रंग हातांनी घासून गेलेला.

गिताबाईंनी ती मांडीवर घेतली आणि बघायला लागल्या. मी बघतच राहिले, कारण त्या मेंढी बघत होत्या. आधी दांडीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, कणा सरळ आहे का म्हणून. मग खुंट्या एकेक चिमटीत धरून हलवल्या, दात बघतात तसं. भोपळ्यावर बोटांनी टिचक्या मारत कान लावला. वास घेतला. किडा लागलेल्या लाकडाचा भुगा पडतो, म्हणून वीणा उपडी धरून पदरावर हलकेच झटकली. पदर कोरा राहिला. गनीभाईंनी मान डोलावली.

मग त्यांचं बोट भोपळ्याच्या बुडाशी थांबलं. तिथं बोटभर चीर होती, लाखेनं भरलेली आणि वरून कापडाची पट्टी चिकटवलेली.

"ही पाय मोडून जोडलेली हाय," असं म्हणून त्यांनी वीणा परत दिली. आप्पा जोडलेल्या पायाची मेंढी फुकट दिली तरी घेत नसत. कळप चालतो आणि ती मागं राहते.

गनीभाईंना ते लागलं. "ताई, ती जोड माझ्या वालिदची हाय. आन् ही मेंढी न्हाई. हिला पायच न्हाईत तर मोडंल काय?" आतून त्यांची बायको अमीरबी हसली. ती म्हणाली, ह्यांना पाय आहेत, तरी दुकानातून हलत नाहीत. निघताना गनीभाईंनी सांगितलं की कुठलीही घ्या, पण तारा पूर्ण ताणून दोन दिवस ठेवा आणि मगच घ्या. मला वाटलं, आपला माल खपला नाही म्हणून हा माणूस दुसऱ्याच्या मालाला खोडा घालतोय. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. गिताबाई बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबल्या होत्या, गनीभाईंचं ते दोन दिवसांचं सांगणं त्यांच्या कानावर गेलं नाही.

पप्पूनं मोबाईलवर दुसरी वीणा शोधून काढली, शिरूरची. आम्ही चौफुल्याला एसटी धरली आणि न्हावऱ्यामार्गे शिरूरला उतरलो. विश्वजीत नावाचा तरुण दुकानदार, दुकानात पितळी समया, जुने दरवाजे, जात्यांचे दगड. आमच्या घरांतून उकिरड्यावर गेलेलं सगळं तिथं पुसून, पॉलिश करून बसलं होतं. त्यात ती वीणा. तांबूस, चकचकीत, भोपळ्यावर पांढऱ्या नक्षीची वेलबुट्टी. कुठं एक ओरखडा नाही.

गिताबाईंनी परत तीच तपासणी केली. कणा सरळ, दात घट्ट, पोट निरोगी. आणि इथं त्यांना आप्पांची आठवण झाली. आप्पा मेंढी उभ्याउभ्या घेत नसत. चालवून घेत. विकणारा उभ्या मेंढीचं लंगडेपण झाकतो, चालत्या मेंढीचं त्याला झाकता येत नाही. म्हणून गिताबाईंनी वीणा गळ्यात घातली आणि बाहेर निघाल्या.

विश्वजीत आडवा आला. "मावशी, वस्तू दुकानाबाहेर गेली की सेकंडहँड होते."

मी म्हटलं, "आणि आत्ता काय कोरी करकरीत आहे का? तुझ्या आजोबांच्या जन्माआधीची असेल ती." त्यावर तोही हसला आणि बाजूला झाला. तारा ढिल्या होत्या. त्यानं सांगितलं की वस्तू जपण्यासाठी ढिल्याच ठेवतात. ते ऐकायला शहाणपणाचं वाटलं. गिताबाई भाजीवाल्यांच्या रांगेवरून चालत गेल्या, परत आल्या. पट्टा खांद्याला रुतत नव्हता, वजन अंगाला चांगलं बसत होतं, कुठं काही कुरकुरलं नाही. एक तार थोडी चढवून त्यांनी छेडली. आवाज गोड होता. भाव पाडणं हे माझं काम, ते मी केलं. एसटीत वीणेला खिडकीची जागा मिळाली आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो.

वस्तीवर बायकांचा आनंद काय सांगू. हर्षदानं मोबाईलवर सूर लावून चारही तारा त्याला मिळवल्या. प्रत्येकीनं गळ्यात घालून बघितली. ताईबाई नावाच्या शेजारणीनं तर वीणा घेऊन गोठ्यापर्यंत फेरी मारली आणि म्हशीला दर्शन दिलं. मग गिताबाईंनी ती ताणलेल्या तारांसकट पडवीत खुंटीला अडकवली. सप्ताह परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पडवीतून फटकन आवाज आला. भोपळा आणि दांडी जिथं मिळतात तो वीणेचा गळा उघडला होता. दांडी पुढं झुकली होती, तारा लोंबत होत्या आणि खाली पांढऱ्या भुकटीचा ढीग. पप्पूनं भुकटी चिमटीत घेऊन बघितली. "आई, ही लांबी हाय. गाडीचा पोचा भरत्यात ती. लांबी भरून वरनं कलर मारलाय."

भिमा आबा आवाजानं आले, बघून गेले. ते नुसतं बघून जाणं मला जास्त झोंबलं. हनुमंतनं आपल्या परीनं समजूत घातली की पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे कधी, हे बायकांना चांगलं माहीत असतं. मी चप्पल घालून शिरूरला निघालेच होते. त्या विश्वजीतच्या दुकानापुढं बसून त्याचं नाव गाजवायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं.

गिताबाई त्या भुकटीपाशी बसून होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "चूक माझीच झाली, माया. मी मेंढी बघितली. बघायला घोडं पायजे व्हतं."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. धनगराच्या कळपात मेंढरं चालतात, पण बिऱ्हाड घोड्यावर असतं. भांडी, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, कोंबड्या, दमलेली पोरं, सगळं. मेंढीला स्वतःचं अंग सोडून काही वाहायचं नसतं, म्हणून ती नुसती चालवून घेतली तरी भागतं. घोडं आप्पा नुसतं चालवून घेत नसत, लादून घेत. भरल्या ओझ्यानिशी ओढा उतरवत आणि पलीकडच्या चढाला घालत. आणि पाठीवर जुना, वाळलेला वण असलेलं घोडं ते मुद्दाम निवडत. कोऱ्या पाठीच्या घोड्यानं काय वाहिलंय, हे कुणाला ठाऊक?

"वीणंचं ओझं तारांचं असतंय गं," त्या म्हणाल्या. "मी तिला मोकळीच चालवली."

मग उठल्या, पदर खोचला, मला म्हणाल्या की भांडण नंतर कर, सप्ता उद्यावर आलाय. मोडकी वीणा पोत्यात घालून आम्ही पप्पूच्या मोटरसायकलवरून दौंडला गेलो.

गनीभाईंनी पोत्यात डोकावून बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस आपली जिरवणार, आणि माझं काही म्हणणं असणार नव्हतं. पण त्यांनी गिताबाईंकडं बघितलं आणि पोतं बाजूला ठेवलं. गिताबाईंनी भिंतीवरची काळी वीणा मागितली आणि म्हणाल्या, "गनीभाई, सगळ्या तारा चढवा. सप्त्याला चढवत्यात तेवढ्या. मंग मी हिला फिरवून आणते."

"कुठवर?"

"हिचा दम दिसंल तिथवर."

तारा चढल्या. गिताबाईंनी वीणा गळ्यात घातली आणि बोळातून बाहेर पडल्या, एका हातानं तारा छेडत. मागं मी, माझ्या मागं पप्पू आणि दुकान उघडं टाकून गनीभाई. तसं दुकान त्यांनी बायकोच्या मयताला तरी सोडलं असतं का, अशी शंका अमीरबीनं नंतर बोलून दाखवली. भाजीबाजारातून गेलो. रिक्षावाले थांबून बघायला लागले. स्टेशनाच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या गिताबाई न थांबता चढल्या. वर एका प्रवाशानं खिसा चाचपून नाणं पुढं केलं. त्याला वाटलं, मागणारी आहे. माझं डोकंच फिरलं, पण गिताबाईंनी त्याला मान हलवून नाही म्हटलं, ओळखीचं हसल्या आणि तार काही सोडली नाही. पुलाखालून एक मालगाडी गेली. पूल थरथरला, पायाखाली धडधड झाली. त्या तिथं मुद्दाम उभ्या राहिल्या, गाडी सरेपर्यंत.

गनीभाई धापा टाकत म्हणाले, "आता काय हिला गाडीत बसवून पुण्याला नेताय?"

परत दुकानात आल्यावर गिताबाईंनी डोळे मिटून सगळीकडं बोट फिरवलं. जोडावरची लाख जशीच्या तशी. गळा घट्ट. दांडीला किंचित बाक होता, तो जुनाच, वाढला नव्हता. फक्त एक खुंटी पुलावर दोनदा सैल झाली होती, ते त्यांनी सांगितलं. गनीभाईंनी खुंटी काढून खडू फासला, परत बसवली आणि म्हणाले, ही एक खोड हिची आहे, ती जाणार नाही, सांभाळून घ्यावी लागेल. मला त्या माणसाचं हे आवडलं. विकताना खोड सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. आदल्या खेपेला मी जे बोलले होते ते मी परत घेतलं, मोठ्यानं, अमीरबीला ऐकू जाईल असं.

जोड कशाची, असं गिताबाईंनी विचारलं. आपल्या वडिलांच्या काळात एक भजनी ही वीणा दुरुस्तीला टाकून गेला, गनीभाई म्हणाले. देवळाच्या पायरीवर तोल गेला, पण वीणा पडू दिली नाही, कडेला आपटली तेवढी. जोडली, वाजवून ठेवली, आणि तो माणूस परत कधी आला नाही. आमच्या शिरूरच्या मोडक्या वीणेचा भोपळा मात्र चांगला निघाला. तो गनीभाईंनी ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात काळी वीणा दिली. अमीरबीनं पट्ट्याखाली घालायला आपल्या जुन्या ओढणीची घडी शिवून दिली, खांदा काचू नये म्हणून.

सप्ताह बसला. बायकांचे पहारे दिवसाचे. पहिल्या दिवशी गिताबाई उभ्या राहिल्या तेव्हा देवळात नेहमीपेक्षा जास्त गडी जमले होते. देवासाठी नाही, वीणा कधी टेकते ते बघायला. टेकली नाही. हर्षदा उभी राहिली, बाकीच्या उभ्या राहिल्या. गळ्यातून गळ्यात देताना दोघी इतक्या जवळ यायच्या की कपाळाला कपाळ लागायचं. चौथ्या दिवसापासून गडी आपापल्या कामाला लागले.

पाचव्या दिवशी दुपारी ताईबाईचा पहारा होता. देवळात आम्ही थोड्या बायका, आणि खांबाला टेकून भिमा आबा. अचानक खुंटी सुटली. एक तार लोंबायला लागली, ताईबाईचा हात गडबडला. उरलेल्या तारा ती छेडत राहिली, पण एका हातानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं भोपळा सावरायचा, खुंटी पिळायला तिसरा हात कुठून आणायचा? घाबरून ती खाली वाकायला लागली. भोपळा फरशीच्या जवळ गेला. गिताबाई धावल्या, त्यांनी वरची खुंटी पकडली. पण खाली?

खाली भिमा आबांचा तळवा होता. ते कधी उठले, मी बघितलंच नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी भोपळा उचलून धरला होता. गिताबाईंनी पदराला बांधलेला खडू लावला, खुंटी पिळली, तार चढवली. ताईबाई वाजवत राहिली, रडत रडत, पण वाजवत राहिली.

आबांच्या बोटांना बुडाची पट्टी लागली. "हितं काय जोडलंय व्हय?"

"व्हय, आबा," गिताबाई म्हणाल्या. "लई ओझं वाह्यलेली हाय ती."

आबांनी हात लगेच काढले नाहीत. तार सुरात आल्यावरच काढले आणि परत खांबाला जाऊन टेकले. सप्ताह उठला त्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर त्यांनी देवळात, जुन्या वीणेच्या शेजारी, आणखी एक खुंटी ठोकून घेतली. गिताबाईंनी काळी वीणा नेऊन तिथं अडकवली.

विश्वजीतला मी नंतर गाठलं. त्याचं म्हणणं, हॉटेलवाले भिंतीला लावतात तसली ती वस्तू होती, तुम्ही वाजवायला नेताय हे आधी बोलला नाहीत. त्याच्याशी माझं भांडण अजून चालू आहे.

आता तुमच्याकडं एक मागणं. कुठं जुनी वीणा बघायला गेलात तर चकाकीवर जाऊ नका, जोडाला भिऊ नका, तारा पूर्ण चढवून तिला फिरवून आणा. आणि ती घरी आली, किंवा तुमच्या देवळात खुंटीला असेलच, तर येत्या सप्ताहात एक पहारा तुमच्या आईला, बायकोला, सुनेला द्या. खुंटी सुटली तर बोट दाखवू नका. खाली बसा आणि भोपळा धरा.